चाखणारी

"कसंय?" भाविकनं विचारलं तेव्हा दामिनीचा पहिला घास अजून तोंडातच होता. दाढांनी तिनं तो एकदा दाबून पाहिला होता आणि मग चावायची थांबली होती. मऊ, ओलसर, कडेला चामट. जिभेच्या टोकाला साखर, तीही टोमॅटो सॉसच्या बाटलीतली, मग मीठ, मग टाळूला चिकटून बसलेलं चीज, आणि या सगळ्याच्या खाली, जिथं मका असायला हवा होता तिथं, मैदा. मैद्याला स्वतःची अशी चव फारशी नसते, पण तो दातांना कळतो. तो ताणला जातो. मक्यात ताणलं जाणारं काही नसतंच. पिवळा रंग डोळ्यांना फसवील, दातांना नाही. तेलाला वास होता. कालचा नव्हे, परवाचा. हे सगळं तिला दोन क्षणांत कळलं, आणि तेवढ्यात टेबलावरची बाकीची तिघं तिच्या उत्तराची वाट पाहू लागली होती. समोर भाविक, हातात स्वतःचा टाको, सारण भरून दुमडलेली ती पोळी, न खाता तसाच धरलेला. त्याच्या शेजारी त्याची आई सुरेखाताई, हात पुसायच्या कागदाची चौकोनी घडी करत. आणि दामिनीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, तिची स्वतःची आई बाईजा, जी कोणाकडेच पाहत नव्हती, फक्त जिचं कोपर टेबलाखालून दामिनीच्या बरगडीला हळूच टोचलं होतं. त्या टोचण्याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. छान म्हण.

छान म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. दामिनी काही जगावेगळी खरं बोलणारी नव्हती. खोलीच्या मालकिणीनं नवी साडी दाखवली की ती छान म्हणायची. मुरबाडला ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं पीठं तपासत होती, तिथल्या साहेबांच्या मुलीचं गाणं फोनवर ऐकून तिनं छान म्हटलं होतं. पण ते सगळं कानाचं, डोळ्याचं. तोंडात घातलेल्या वस्तूबद्दल तिला तसं म्हणता येत नसे. का, ते तिनं कधी फार उकरून पाहिलं नव्हतं. आज मात्र ते दोन क्षण ताणत ताणत मोठे झाले आणि त्यात सगळंच दिसायला लागलं. भिंतीवर रंगवलेलं निवडुंग, टांगलेल्या गवती टोप्या, काचेपलीकडे आटगावच्या उन्हात हायवेवरून नाशिककडे जाणारे कंटेनर, आणि एकतिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा कोणाच्या तरी समोर नीट बसलेली ती स्वतः. पहिलं स्थळ नोकरी सोड म्हणालं होतं. दुसरं डोळखांबच्या पुढं दामिनीच्या पाड्यावर आलं, जीपमधून उतरलं, कुडाच्या भिंती आणि अंगणातली नाचणीची पेंढी पाहून चहा न पिता, कळवतो म्हणून गेलं. त्यांनी कळवलं नाही. तेव्हा बाईजानं ठरवलं की यापुढं मुलीला घरात दाखवायचं नाही, बाहेर कुठंतरी भेटायचं. भाविकचं घर मुरबाडचं, जात तीच, पण त्याचे वडील शिक्षक होते आणि त्यांच्या घराला दोन पिढ्यांपासून फरशी होती. भाविक पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या कंत्राटदाराकडे इंजिनिअर. फोनवर दोनदा बोलला होता. आवाज बरा होता. मध्येमध्ये गप्प बसायचा आणि ते तिला आवडलं होतं. "कुठं भेटायचं, तू सांग," असं त्यानं विचारलं, आणि तिनं एका दमात या हॉटेलचं नाव सांगितलं. तो हसला होता. "मेक्सिकन? चालेल की." म्हणजे ही जागा तिनंच निवडलेली होती. ही गोष्ट त्या घासाहून जास्त टोचत होती.

कारण तिला इथं यायचंच होतं. स्थळ आलं नसतं तरी ती एकटी आली असती. एकदा शहापूरहून नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून तिनं या हॉटेलचा फळा वाचला होता: मक्याची ताजी तोर्तिया, हातानं थापलेली. तेव्हाच तिनं हॉटेलचं नाव लक्षात ठेवलं होतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात तिच्या हाती एक शोधनिबंध आला होता. मेक्सिकोतली माणसं हजारो वर्षं मका नुसता दळत नाहीत, असं त्यात होतं. आधी तो चुन्याच्या नाहीतर राखेच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात, मग वाटतात. साल सुटते, पीठ एकमेकाला धरतं, आणि दाण्यात बंद असलेलं एक जीवनसत्त्व अंगाला लागायच्या रूपात येतं. पुढं जहाजांनी मका जगभर नेला. रीत नेली नाही. जिथं जिथं गरिबांनी नुसता मका खाल्ला तिथं त्यांच्या हातांची कातडी सोलवटली, डोकी फिरली, माणसं मेली, आणि डॉक्टर शंभर वर्षं म्हणत राहिले की दाणाच वाईट. दामिनीनं तो निबंध तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिला राखेच्या पाण्याचा वास आला. ग्रंथालयात, पंख्याखाली, स्वच्छ. तो वास तिच्या घरचा होता. निबंधातली बाई कुठल्यातरी डोंगरात परातीत राख चाळत बसली होती आणि ती बाईजासारखी दिसत होती. तेव्हापासून दामिनीला ती भाकरी खायची होती. घरच्यासारखी लागेल म्हणून मुळीच नाही. परकी लागेल म्हणून. आपल्याला माहीत असलेली रीत आपल्याला माहीत नसलेल्या माणसांच्या हाताखाली कशी होते, हे तिला जिभेनं बघायचं होतं. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरच्या मुलीला असली इच्छा कशाला, हे कोणी विचारलं नव्हतं. इच्छा होती एवढं खरं.

"अगं, कसंय सांग ना. तुझी चॉइस आहे," भाविक पुन्हा म्हणाला.

तिनं घास गिळला. पाणी प्यायली. "बरं नाहीये," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं तेवढा आवाज झाला नाही. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब फोटो काढत राहिलं. सुरेखाताईंची घडी मात्र थांबली. मग त्या हसल्या, मोकळं, मोठ्या माणसानं लहान मुलीला हसावं तसं. "म्हणजे आधी कुठं खाल्लंयस तू मेक्सिकन?"

"नाही."

"मग तुला काय गं कळणार ते बरं आहे का वाईट? असंच असतं ते. त्यांच्याकडचं असंच असतं."

"आई, तिला नसेल आवडलं," भाविक म्हणाला.

"नाही आवडलं तर नाही आवडलं. पण बरं नाहीये म्हणजे काय? शहापूर-आटगावात याहून काय मिळणार बाबा? एवढं आलंय हेच खूप आहे. आमच्या वेळेला इथं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं एक, त्याच्यावर माश्या."

"तिला आज बरंच नाय वाटत," बाईजा घाईघाईनं म्हणाली. "सकाळपासून काय खाल्लं नाय तिनं. रिकाम्या पोटी चव नाय लागत, ताई. चांगलं हाय की. मऊ हाय." आणि तिनं स्वतःच्या ताटलीतला टाको उचलून मोठा घास घेतला, औषधाची गोळी असल्यासारखा पटकन गिळला, आणि दुसरा घेतला.

तुला काय कळणार. वाक्य साधं होतं आणि सुरेखाताई ते दुष्टपणानं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच ते दामिनीच्या अंगात खोल गेलं. एवढं आलंय हेच खूप आहे. हे तिनं किती आवाजांत ऐकलं होतं. वसतिगृहात डाळीत किडे निघाले तेव्हा रेक्टरबाईंच्या आवाजात: घरी काय मिळतं तुम्हाला? पाड्यावर नळ आला आणि त्यातून गढूळ पाणी आलं तेव्हा: आधी तर झऱ्यावर जायचात. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याला जे मिळेल ते खूपच असतं. त्याला ते चांगलं की वाईट हे म्हणायचा अधिकार आधी कमवावा लागतो, आणि तो कसा कमवायचा हे कोणी सांगत नाही. आणखी पन्नास ठिकाणी खाऊन? विमानात बसून? ती निराश झाली होती, आणि निराश व्हायलासुद्धा इथं लायकी लागत होती. तिला एकदम शांत वाटलं. प्रयोगशाळेत तराजूचा काटा स्थिर झाला की वाटतं तसं. तिनं हात वर केला.

आला तो पन्नाशीचा माणूस होता. डोक्यावर गवती टोपी, तिची दोरी हनुवटीखाली, छातीवर धोंडी असं नाव लिहिलेली पट्टी. टोपीखाली घाम आला होता.

"काका, ही तोर्तिया मक्याची आहे?"

"लिहिलंय तसंच हाय, मॅडम."

"लिहिलंय ते मी वाचलं. आहे का?"

धोंडीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "पाकिटातना येते. पाकिटावर मका काढलेला हाय."

भाविकला हसू आलं. त्यानं ते पाण्याच्या ग्लासात दडवलं. तेवढ्यापुरता तो तिला फार जवळचा वाटला.

"हे परत घेऊन जा," दामिनी म्हणाली. "तुमची चूक नाही. पण आत सांगा, की हे मक्याचं नाही आणि तेल खराब झालंय. फक्त माझी ताटली. बाकीच्यांना विचारा."

"दुसरं काय आणू, मॅडम? नाचोज चांगले हायत."

"काही नको."

"राहू दे हो, तुम्ही जा," सुरेखाताई धोंडीला म्हणाल्या. तो दामिनीची ताटली उचलून गेलाच. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "लोकं बघतायत, दामिनी. आपल्याकडे पानातलं असं परत करत नाहीत. अन्नाला नावं ठेवू नयेत, शिकवलंय ना घरी?"

घरी. दामिनीनं आईकडे पाहिलं. बाईजाची मान आणखी खाली गेली होती. आज पहाटे पाड्यावरून निघताना, केसाला तेल लावता लावता, बाईजानं एकच गोष्ट तीनदा बजावली होती: "कांद्याचं बोलू नको गो तिथं. कायपण बोल, शाळेचं बोल, नोकरीचं बोल. कांद्याचं नको."

कांदे म्हणजे कडूकंद. जंगलातला वेल, जमिनीखाली मुठीएवढा गड्डा, केसाळ. कोठीतली नाचणी संपून नवी यायला अवकाश असतो त्या महिन्यांत पाड्यावरच्या बायका तो खणून आणायच्या. कच्चा खाल्ला तर घसा सुजतो, पोट फाटल्यासारखं होतं. तो सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, ऐनाच्या झाडाच्या सालीची राख टाकून उकळायचा, मग बांबूच्या टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. डबक्यात ठेवून चालत नाही; कडूपणा वाहून जायला हवा. सकाळी टोपली घरी आली की कोणी लगेच हात घालायचा नाही. एक बाई चाखायची. घरात चाखणारी एकच असायची. ती एक चकती तोंडात घालून, डोळे मिटून, हळूहळू चावायची आणि बाकीचे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, भुकेले, आठ-आठ माणसं. ती म्हणाली "गोड" तर जेवायचं. ती म्हणाली "कडू" तर टोपली पुन्हा ओढ्यावर, आणि सगळे आणखी एक दिवस उपाशी. पोरं रडली तरी. म्हातारा ओरडला तरी. चाखणारीला कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. दामिनीच्या घरात तो मान तिच्या आजीचा, भिमीचा. मग भिमीची जीभ थकली आणि तिनं एका सकाळी नव्या सुनेला, बाईजाला, पुढं केलं. बाईजा तेव्हा अठराची. चकत्या सासूनं उकळलेल्या. तिच्या जिभेला कडू लागलं, स्पष्ट लागलं, हे तिनंच पुढं दामिनीला सांगितलं होतं. पण सासूनं केलेल्या गोष्टीला पहिल्याच वेळी कडू कसं म्हणायचं? ती म्हणाली, "गोड हाय." सगळे जेवले. ती स्वतःही पोटभर जेवली, तोंड वाकडं न करता. दुपारपर्यंत घरातली सहा माणसं अंगणात ओकत होती. धाकटा दीर कमळू चार दिवस उठला नाही. पाचव्या दिवशी उठला, वाचला. भिमी सुनेला एक शब्द बोलली नाही. फक्त त्यानंतर बाईजाला कधी कोणी चाखायला सांगितलं नाही. भातसुद्धा नाही, लग्नातल्या आमटीचं मीठसुद्धा नाही. दुसऱ्या बायका पळीभर काढून एकमेकींच्या तळहातावर देत आणि बाईजाला ओलांडून पुढं जात. दामिनी नऊ वर्षांची झाल्यावर भिमीनं तिला समोर बसवून चकती दिली. दामिनीनं चावली आणि म्हणाली, "कडू. मागं, घशाशी." त्या दिवसापासून चाखणारी ती. मागं बसलेली बाईजा तेव्हा कशी दिसत होती, ते दामिनीनं पाहिलं नव्हतं. आज, इतक्या वर्षांनी, निवडुंगाच्या चित्राखाली, तिला एकदम पाहावंसं वाटलं.

"पण एक सांग," भाविक म्हणाला. तो आता खरंच उत्सुक दिसत होता, की आईला गप्प करायला विचारत होता, कोण जाणे. "ओरिजिनल कसं लागतं ते तुला कसं माहीत? यूट्यूबवर बघितलंस ना?"

त्यानं दार उघडून धरलं होतं. हो म्हटलं की संपलं. मुलगी यूट्यूब बघते, जरा हुशारी दाखवते, एवढ्यावर निभावलं असतं. बाईजानं टेबलाखालून तिचा हात धरला. तळवा खरखरीत आणि ओला होता.

"नाही," दामिनी म्हणाली. "मी केलंय. आईनं आणि मी. तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुट्टीत. आधी मी पानाच्या टपरीवरचा चुना आणला. तो जास्त झाला, मका साबणासारखा लागला. मग आई म्हणाली, कांद्याला घालतो ती राख घालून बघ. ऐनाच्या सालीची. त्या सालीत चुनाच असतो, मी नंतर कंपनीच्या भट्टीत साडेपाचशे अंशांवर जाळून तपासलं. आम्ही मका उकळला, रात्रभर ठेवला, ओढ्यात धुतला. पाट्यावर वाटला. भाकरी घडी केली तरी मोडली नाही. तिला वास येतो, चुना दिलेल्या भिंतीवर पाणी पडल्यावर येतो तसा. तिकडची कशी लागते मला माहीत नाही. तेच खायला मी इथं आले होते. पण मक्याचं काय असतं आणि काय नसतं ते मला माहीत आहे."

"कुठल्या कांद्याला?" सुरेखाताईंनी विचारलं. त्यांनी बरोबर तोच शब्द उचलला.

"कडूकंदाला. आम्ही खातो. मी दहावीपर्यंत दर वर्षी खाल्लेत. घरात चाखायचं काम माझं होतं."

बाईजाचा हात सुटला. सुरेखाताईंनी इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब त्यांना ओळखत असल्यासारखं. "आमच्यात असलं कोणी खात नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कधीच खाल्लं नाही. ते जंगलातल्या लोकांचं."

"तुमचं माहेर वैशाखऱ्याचं ना, ताई? घाटाखालच्या रानातलं?" बाईजानं विचारलं. एवढंच. विचारून ती पुन्हा ताटलीकडे बघू लागली. सुरेखाताईंनी पर्स उघडली, त्यात काहीतरी शोधलं, सापडलं नाही, बंद केली. दामिनीला त्यांची कीव आली असती, पण आज तिच्याकडे ती पुरेशी नव्हती.

तिनं भाविककडे पाहिलं. तो अर्धा टाको संपवून बसला होता. प्रत्येक घासामागं तो पाणी प्यायला होता; हे ती मघापासून मोजत नव्हती तरी तिला दिसलं होतं. सारणातलं पनीर त्यानं कडेला काढून कागदाखाली सरकवलं होतं. त्याच्या भुवयांच्या मधे घाम होता. चांगला माणूस होता. मोठ्यानं बोलत नव्हता, तिला अडवत नव्हता. तिला वाटलं, याला एक संधी द्यावी. मग वाटलं, संधी मीच मागतेय, याच्याकडे.

"तुम्हाला आवडलं?" तिनं विचारलं.

भाविकनं तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. अगदी थोडंसं, मान हललीच नाही, डोळेच हलले. "आवडलं की," तो म्हणाला. "ठीक आहे. मला तर आवडलं."

आणि त्यानं घास घेतला. त्याला तो गिळताना पाहून तिला पुढची सगळी वर्षं एका ओळीत दिसली. रोज दुपारी, रोज रात्री, फरशीच्या घरात, कोणीतरी विचारतंय कसंय आणि टेबलाभोवतीचे सगळे म्हणतायत छान. त्यात वाईट कोणीच नव्हतं. सगळी चांगली, समंजस, पोटभर जेवणारी माणसं. मग एक दिवस तिलाही मैदा आणि मका यांतला फरक कळेनासा होईल. ते काही कोणी तिच्यावर लादणार नाही, हळूहळू होईल, जीभ स्वतःच शिकेल.

"निघायला हवं," सुरेखाताई म्हणाल्या. "ऊन फार झालं. बाईजाबाई, आम्ही घरी बोलतो आणि कळवतो तुम्हाला."

"कळवू नका," दामिनी म्हणाली. "म्हणजे वाट बघायला लावू नका आईला. मीच सांगते. माझ्याकडून नाही."

"तुझ्याकडून?" सुरेखाताईंना खरोखरच कळलं नाही. "अगं, तुझ्याकडून कसं? आम्ही अजून काही म्हटलंच नाहीये."

"हो. तुम्ही म्हणायच्या आधी."

भाविकनं घास गिळला. "नुसतं छान म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" अखेर तो म्हणाला. त्यात राग नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तर त्याच्या समोर ताटलीत पडलं होतं, म्हणून तिनं ते दिलं नाही. ती उठली, तिनं सुरेखाताईंना वाकून नमस्कार केला, कारण तो करायचा होता, आणि स्वतःच्या खाण्याचे पैसे धोंडीच्या हातात ठेवले. त्यानं टोपी काढली. टोपीशिवाय तो तिच्या गावच्या कोणत्याही माणसासारखा दिसत होता.

शहापूरच्या स्टँडवर बाईजा तिच्यावर घसरली. "एक घास गुमान गिळला असतास तं मेली असतीस काय? माणूस बरा व्हता. वंगाळ बोलला नाय. आता कोण येणारे तुला बघायला? तुझी जीभ म्हणजे कोयती हाय, कोयती. आन् कांद्याचं काढलंस. तीनदा सांगितलं व्हतं." दामिनी ऐकत राहिली. ती चुकले म्हणाली नाही. म्हणावंसं वाटलंही नाही; आईचा राग योग्य होता आणि तिचा नकारही योग्य होता, आणि दोन्ही एका बाकावर बसू शकत होते. डोळखांबची जीप भरली. दोघी मागच्या बाजूला आडव्या बाकावर बसल्या, समोर बाजार करून निघालेल्या तिघी-चौघी बायका, पायांशी पिशव्या, एका पिशवीतून डोकावणारी कोंबडी. जीप गाव सोडून चढाला लागली, दोन्ही बाजूंना पानं झडलेलं जंगल आलं, आणि बाईजानं पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं. हॉटेलचा हात पुसायचा कागद होता. आत अर्धा टाको, चपटा झालेला.

"टाकवला नाय माझ्याच्यानं," ती म्हणाली. तिनं तो काही वेळ मांडीवर तसाच धरला. "खरंच वाईट व्हता का गो?"

"तू खाल्लास की."

"मी कुठं खाल्ला? गिळला." ती बाहेर बघत राहिली. "लोकांसमोर मला काय चवच नाय लागत. कितीक वर्सं झाली. मीठ हाय का नाय, ते बी नाय कळत."

बाईजानं कागद बाजूला केला, कडेचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. जीप खड्ड्यात आदळली. बाईजानं डोळे मिटले. ती हळू चावू लागली, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. समोरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं काम होतं.

"मका नाय," ती म्हणाली. "मैदा हाय. तेल मेलेलं हाय. आन् गोड कशाला घातलंय, वरसाचं पोर हाय काय खाणारं?" ती पुन्हा चावली. "तांदळाचं पीठ बी हाय. थोडं. जुन्या तांदळाचं."

"तांदूळ नाही त्यात," दामिनी म्हणाली.

"हाय."

"आई, मी चावलंय नीट. मला नाही लागला."

बाईजानं डोळे उघडले आणि उरलेल्यातला एक तुकडा तिच्यापुढं धरला. दामिनीनं तो घेतला, जिभेवर ठेवला, वाट पाहिली. साखर गेली, मीठ गेलं, मैदा ताणून संपला. आणि सगळं गेल्यावर, अगदी मागं, कोरड्या कणीसारखं काहीतरी दाताला लागलं. जुना तांदूळ. तिच्या हातून तो निसटला होता.

"आहे," ती म्हणाली.

"मंग!" बाईजा म्हणाली. तिनं जीपच्या मागच्या बाजूनं वाकून तोंडातला घास रस्त्यावर थुंकला, पदरानं ओठ पुसले, आणि उरलेला टाको कागदासकट समोरच्या बायकांना दिसेल असा उंच धरला.

"काय हाय गो ते, मावशे?" कोंबडीवालीनं विचारलं.

"हायवेवरच्या मोठ्या हाटेलातलं हाय," बाईजा जीपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमी खाऊन आलो. वाईट हाय. तुमी खाऊ नका."